डिलन 'कंट्री' झाला तेव्हा नेमकं काय झालं?

गिरगावकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं की अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन १९६९ साली 'नॅशव्हिल स्कायलाइन' ही रेकॉर्ड काढून मवाळ झाला, बायकामुलांत रमला आणि तिथेच संपला. त्यावर प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डिलनचं कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावाकडच्या गाण्यांकडे वळणं ही एक घटना नाही, दोन आहेत. एक डिसेंबर १९६७ ची 'जॉन वेस्ली हार्डिंग', दुसरी एप्रिल १९६९ ची 'नॅशव्हिल स्कायलाइन'. दोन्ही एकाच पोत्यात भरल्या की सगळी गडबड होते. पहिलीत त्यानं शब्द छाटले. दुसरीत शब्दांना रजा देऊन गळ्याला कामाला लावलं. पहिली माझ्या मते त्याची सगळ्यात धाडसी रेकॉर्ड. दुसरी मला आवडते, रविवारी सकाळी हमखास लावतो, पण तिच्यासाठी मी कुणाशी भांडणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. डिलन १९४१ चा, वाढला मिनेसोटातल्या हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात. रात्री रेडिओवर लांबलांबची स्टेशनं लागायची, त्यामुळे कंट्री गायक हँक विल्यम्स त्याच्या कानात पोरवयापासून. फोक, म्हणजे लोकगीतं गाणारा वुडी गथ्री नंतर आला. म्हणजे १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या फोकवाल्यांनी ज्याला 'आपला' म्हणून डोक्यावर घेतलं, तो मुलगा कंट्री ऐकतच मोठा झाला होता. फोकवाल्यांपैकी बरेच जण मात्र कंट्रीला नाकं मुरडायचे. ते बाजारू, ते गावंढळ, त्यात मजुराचं दुःख नाही वगैरे.

१९६५ ला न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून उडालेली हुर्यो आणि मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये प्रेक्षकांतून आलेली 'ज्यूडस', म्हणजे दगाबाज, ही आरोळी सगळ्यांना पाठ आहे. त्याच १९६६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हा माणूस कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला जाऊन 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' रेकॉर्ड करून आला होता, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निर्माता बॉब जॉन्स्टन. न्यूयॉर्कहून सोबत नेलेले अल कूपर आणि रॉबी रॉबर्टसन, बाकी बहुतेक सगळे नॅशव्हिलचे सेशनवाले, म्हणजे कुणाच्याही रेकॉर्डिंगला पैसे घेऊन वाजवणारे वादक. या मंडळींना तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची सवय. इथे डिलन स्टुडिओत कागद घेऊन बसलेला आणि हे बाहेर पत्ते कुटतायत. पहाटे चारच्या सुमाराला हाक आली. गाणं सुरू झालं, 'सॅड आइड लेडी'. प्रत्येक कडव्याला ड्रमर केनी बट्रीला वाटे, हे शेवटचं. म्हणून तो जोर चढवायचा, आणि पुढचं कडवं सुरू! अकरा मिनिटं चाललं ते. एलपीची एक अख्खी बाजू त्या एका गाण्याची आहे.

२९ जुलै १९६६ ला वुडस्टॉकजवळ मोटरसायकलचा अपघात. लागलं किती, यावर आजही वाद आहे. दौरे मात्र थांबले ते थांबलेच. १९६७ चा उन्हाळा त्यानं शेजारच्या वेस्ट सॉगर्टीजमधल्या 'बिग पिंक' नावाच्या गुलाबी घराच्या तळघरात, पुढे 'द बँड' म्हणून गाजलेल्या पोरांबरोबर जुनी-नवी गाणी वाजवण्यात घालवला.

आणि मग 'जॉन वेस्ली हार्डिंग'. १७ ऑक्टोबर, ६ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबर १९६७, नॅशव्हिल. सगळं मिळून बारा तासही लागले नाहीत. चार्ली मकॉय बासवर, बट्री ड्रम्सवर, डिलन गिटार-हार्मोनिका आणि अधूनमधून पियानोवर. संपलं. फक्त शेवटच्या दोन गाण्यांत पीट ड्रेकची पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार. वरून अजून काही वाद्यं चढवावीत असा विचार होता, पण रॉबर्टसननं ऐकलं आणि म्हणाला, राहू दे, आहे तसंच बरं आहे.

हे कोणत्या वर्षी, ते लक्षात घ्या. जूनमध्ये बीटल्सची 'सार्जंट पेपर' आलेली. जो तो सतार, उलट्या फिरवलेल्या टेपा आणि अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन बसलेला. स्टुडिओत महिनेच्या महिने घालवणं हे प्रतिष्ठेचं लक्षण. त्या मेजवानीत हा गृहस्थ बिनफोडणीचं वरण घेऊन आला. वर कंपनीला सांगितलं, जाहिरातबाजी नको. तरी ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली.

गाण्यांकडे बघा. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' फक्त अडीच मिनिटांचं. तीन कडवी, ध्रुवपद नाही, तीन कॉर्ड गोल फिरतायत. आधी विदूषक आणि चोर यांचं बोलणं, आणि मग शेवटच्या कडव्यात बुरूज, पहारा, लांबून येणारे दोन घोडेस्वार. म्हणजे जिथे गोष्ट सुरू व्हायची तिथे गाणं संपतं. शेवटचं कडवं पहिल्या जागी ठेवून वाचा, सगळं सरळ होतं आणि सगळी भीती निघून जाते. ते बुरूज-घोडेस्वार बायबलातल्या यशयाच्या एकविसाव्या अध्यायातले. त्या काळात वुडस्टॉकच्या घरात मोठं बायबल उघडंच असायचं, असं त्याच्या आईनं सांगितलंय. दोनच वर्षांपूर्वी हा माणूस एकेका गाण्यात पन्नास पात्रं कोंबत होता. इथे दोन माणसं, एक बुरूज आणि वारा. एवढ्या सामानात त्यानं जे उभं केलंय ते मला त्याच्याच १९६५ च्या लांबलचक 'डेझोलेशन रो'पेक्षा मोठं वाटतं. होऊ द्या वाद.

'नॅशव्हिल स्कायलाइन'चं प्रकरण वेगळं. फेब्रुवारी १९६९. जेमतेम सत्तावीस मिनिटांची रेकॉर्ड. दहा गाणी, त्यातलं एक नुसतं वाद्यांचं, एक १९६३ चं जुनंच, कंट्रीतला बडा गायक जॉनी कॅश याच्याबरोबर पुन्हा गायलेलं. आवाज तर ओळखूच येत नाही. कव्हरवर डिलन हसतोय, टोपीला हात लावून! इथे कोडी नाहीत, बायबल नाही. प्रेम आहे, प्रेम गेल्याचं दुःख आहे आणि 'कंट्री पाय' आहे, म्हणजे चक्क खायच्या गोड 'पाय'वरचं गाणं.

तर 'मवाळ झाला' हे दुसरीबद्दल म्हणा. पहिलीबद्दल म्हणाल तर पुरावा द्या.

---

तिरपागडा

+१. वाचनखूण साठवली. डेझोलेशन रोबद्दल मात्र निषेध, निषेध, निषेध.

---

अनुष्टुभ

तो 'कुणीतरी' मीच, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. :)

गिरगावकर, तुम्ही लिहिलंय झकास, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. १९६८ हे वर्ष तुमच्या लेखात कुठे आहे? जानेवारीत व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगचा खून, तोही मेम्फिसमध्ये, म्हणजे नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्याच टेनेसीत. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. शिकागोत पोलीस पोरांची डोकी फोडतायत. आणि ज्या माणसानं १९६३ मध्ये शस्त्रांच्या व्यापाऱ्यांना तोंडावर शिव्याशाप दिले, जो किंगच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात गायला, तो १९६९ च्या एप्रिलमध्ये 'कंट्री पाय'सारखं खाण्यावरचं गाणं म्हणतो. मला त्याच्या गोड गळ्याचा राग नाही. वेळेचा राग आहे.

कलावंतानं काय गावं हे आपण ठरवू नये, हे मान्य. पण श्रोत्यानं कशावर नाराज व्हावं हेही कलावंतानं ठरवू नये.

---

गिरगावकर

@अनुष्टुभ, मुद्दा रास्त. पण त्यानं प्रसंगावर गाणी लिहिणं १९६४ मध्येच सोडलं होतं, इलेक्ट्रिक व्हायच्या आधी. १९६५ च्या 'हायवे ६१' या इलेक्ट्रिक रेकॉर्डमध्ये तरी व्हिएतनाम कुठे आहे? तिथे चालतं आणि पेडल स्टील वाजली की चालत नाही, असं का?

१९६८ मध्ये 'सिंग आउट!' या फोक मासिकानं हेच खोदून खोदून विचारलं होतं. मुलाखत घेणारे त्याचे मित्रच. युद्धाला पाठिंबा देणाऱ्या एका ओळखीच्या चित्रकाराचा विषय निघाला, तेव्हा डिलननं उलट विचारलं की मी स्वतः युद्धाच्या बाजूचा नाही हे तुम्ही कशावरून धरून चाललात? तो युद्धाच्या बाजूचा होता असं मला अजिबात वाटत नाही. 'तुम्ही मला गृहीत धरू नका' एवढंच म्हणायचं होतं.

आणि 'जॉन वेस्ली हार्डिंग' ऐका परत. 'ड्रिफ्टर्स एस्केप'मध्ये एका भटक्याला शिक्षा झालीय, गुन्हा काय ते त्याला माहीत नाही, बाहेर जमाव चुळबुळतोय, आत ज्युरी अजून पाहिजे म्हणून ओरडतेय, न्यायाधीश हतबल, आणि मग कोर्टावर वीज पडते. १९६७ च्या अमेरिकेबद्दल याहून थेट काय बोलायचं?

---

सहा तारा

शब्दांवर सगळेच बोलतात, वाजवणाऱ्यांवर कुणी नाही, म्हणून मी.

'जॉन वेस्ली हार्डिंग' हेडफोन लावून फक्त बास ऐकत एकदा पूर्ण ऐका. डिलनची गिटार नुसती खरडतेय, तिच्यात काही नाही. चाल कोण चालवतंय? मकॉयचा बास. तो नुसता मूळ स्वर देत बसत नाही, कडव्याच्या खालून दुसरी चाल गात जातो. आणि बट्री झांजेला फारसा हात लावत नाही. दोघांनी मधली सगळी जागा मोकळी सोडलीय आणि आवाज त्या जागेत येऊन बसतो. हे 'साधं' वाजवणं भयंकर अवघड आहे, वाजवून बघितलंय म्हणून सांगतो. हात शिवशिवतात काहीतरी भरायला.

हा आवाज डिलनला सुचला कुठून तेही मजेशीर आहे. त्यानंच १९६९ च्या 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या मुलाखतीत सांगितलंय. कॅनडाचा फोक गायक गॉर्डन लाइटफुट याच मकॉय-बट्री जोडीला घेऊन रेकॉर्ड करत होता, आणि याला तो आवाज हवा होता. म्हणजे कुणा जुन्या कंट्री सम्राटाकडून नाही, एका फोकवाल्याकडूनच उचलला.

नॅशव्हिलच्या वादकांची अजून एक खासियत. ते कॉर्डची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. १, ४, ५. गायक म्हणाला आज घसा बसलाय, दोन पट्ट्या खाली घ्या, तर कागद तोच. आपल्याकडे सा-म-प म्हणणाऱ्याला हे सांगायला नकोच. असे लोक समोर असले की गायक आयत्या वेळी गाणं घेऊन आला तरी पंधरा मिनिटांत टेप फिरायला लागते.

आता 'ले लेडी ले'चा किस्सा. बट्रीला काय वाजवावं सुचेना. डिलनला विचारलं, तो म्हणाला बोंगो. जॉन्स्टनला विचारलं, तो म्हणाला काउबेल, म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा. बट्रीला वाटलं दोघंही टवाळी करतायत. किती भिकार वाटेल हे दाखवून द्यावं म्हणून त्यानं दोन्ही मागवलं. ठेवायला जागा नाही. स्टुडिओत झाडलोट करणारा, ॲशट्रे रिकामे करणारा एक पोरगा होता, त्याला एका हातात बोंगो आणि दुसऱ्या हातात घंटा धरून उभं केलं. टेप फिरली, आणि आज आपण तेच ऐकतो. अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं ते गाणं. धरून उभा राहिलेला पोरगा म्हणजे पुढे गायक आणि नट म्हणून गाजलेला क्रिस क्रिस्टॉफरसन.

---

बेसूर बाबुराव

क्रिस्टॉफरसन?! ऑक्सफर्डला ऱ्होड्स स्कॉलर, अमेरिकन लष्करात हेलिकॉप्टर पायलट, आणि मग स्टुडिओत झाडू. आमच्या तीर्थरूपांना हे कळलं असतं तर त्यांनी मला गिटारच्या दुकानासमोरूनही नेलं नसतं.

बाकी आवाजाबद्दल: डिलन म्हणाला, सिगरेट सोडली म्हणून आवाज असा झाला. आम्हीही सोडली. आमचा का नाही झाला?

---

चौकस चिमणी

बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. 'जॉन वेस्ली हार्डिंग'च्या कव्हरवर डिलनच्या दोन्ही बाजूंना जे दोघं उभे आहेत ते कोण? मला इतकी वर्षं ते तिथले मूळ रहिवासी वाटत होते. आणि झाडात बीटल्सचे चेहरे आहेत हे खरं का?

---

सॉल्टलेकचा मराठी

चिमणीताई, त्यात हसण्यासारखं काही नाही, अमेरिकेतही अनेकांना तसंच वाटलं होतं. ते आपले आहेत! पूर्णदास बाउल आणि त्यांचे भाऊ लक्ष्मणदास. बंगालचे बाउल, प्रसिद्ध बाउल नवनीदास यांचे मुलगे. १९६७ मध्ये डिलनचा मॅनेजर अल्बर्ट ग्रॉसमन यानं त्यांना अमेरिकेत नेलं आणि वुडस्टॉकजवळ आपल्या जागेत ठेवलं. मागे उभा आहे तो तिथलाच एक कारागीर. फोटो कोलंबिया कंपनीच्या जॉन बर्गनं काढला.

या बाउलांची गाणी द बँडच्या गार्थ हडसननं बिग पिंकच्या तळघरातच टेप केली, त्याची पुढे एलपीही निघाली. एकतारा, खमक आणि तो मोकळा गळा. जालावर सापडते, अवश्य ऐका. डिलननं त्यांच्याकडून काही 'घेतलं' असं मी म्हणणार नाही, गाण्यांत तसं काही दिसत नाही. पण हिंडत-फिरत गूढ गोष्टी साध्या शब्दांत गाणारे दोन जण ऐन त्या रेकॉर्डच्या कव्हरवर उभे असावेत, हा योग मात्र मला फार आवडतो.

बीटल्सचं म्हणाल तर कव्हर उलटं धरायचं आणि झाडाच्या शेंड्याकडे बघायचं. बघत बसलं की दिसतात. बघत बसलं की गणपतीही दिसतो.

---

तिरपागडा

गणपती दिसला. धन्यवाद.

---

गिरगावकर

@सॉल्टलेकचा मराठी, वा! बाउलांचा उल्लेख मुद्दामच केला नव्हता, कुणीतरी माहितगार लिहील अशी आशा होती. त्या रेकॉर्डवरचं 'फ्रँकी ली अँड जूडस प्रीस्ट' ऐकताना मला दर वेळी नाथांचं भारूड आठवतं. अकरा कडव्यांची गोष्ट, वरून सगळी हास्यास्पद, शेवटी तात्पर्यही सांगतो. फक्त ते तात्पर्य त्या गोष्टीला लागूच पडत नाही! नाथांनी असं कधी केलं नसतं.

---

टेनेसीवाला

इथे नॅशव्हिलपासून तासाभरावर राहतो, त्यामुळे हजेरी लावणं भाग आहे.

रायमन ऑडिटोरियम म्हणजे आपल्याकडच्या लोकांना नाट्यगृह वाटतं, पण ते मुळात १८९२ चं प्रार्थनागृह. अजूनही चर्चसारखी लांब लाकडी बाकं आहेत, गादी नाही, दोन तासांत पाठीचे बारा वाजतात. रंगीत काचांच्या खिडक्या. १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम इथूनच व्हायचा. कंट्रीवाल्यांचं काशी-पंढरपूर.

अनुष्टुभ यांनी राजकारणाचा मुद्दा काढलाय तर हेही बघा. मार्च १९६८ मध्ये द बर्ड्स हा कॅलिफोर्नियाचा रॉक बँड ऑप्रीत आला. ग्राम पार्सन्स नुकताच त्यांच्यात सामील झालेला, केस कापून, अगदी सज्जनासारखे आले होते. तरी प्रेक्षकांनी थंडच नाही तर शत्रुत्वानंच स्वागत केलं. लांब केसांचे हिप्पी आणि कंट्रीवाले यांच्यात तेव्हा खरोखरच भिंत होती, आणि ती व्हिएतनामनं अजून उंच केली होती. त्यांची 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही कंट्री रेकॉर्ड ऑगस्ट १९६८ ची. सुरुवात आणि शेवट दोन्ही डिलनच्या तळघरातल्या गाण्यांनी.

आणि १ मे १९६९ ला डिलन त्याच रायमनमध्ये जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्या भागासाठी उभा राहिला. ७ जूनला तो प्रसारित झाला. त्या भागात फोक गायिका जोनी मिचेलही होती. म्हणजे कॅशनं एका बाजूला कंट्रीचा सगळ्यात सनातनी रंगमंच घेतला आणि त्यावर न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाचे लोक आणून बसवले. तूनळीवर आहे, बघा. डिलन घाबरलेला दिसतो, डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. कॅश शेजारी पहाडासारखा.

कॅशची ही पाठराखण जुनी होती. १९६४ मध्ये 'ब्रॉडसाइड' या फोक मासिकात डिलनवर टीका चालली होती तेव्हा कॅशनं पत्र पाठवलं होतं: गप्प बसा आणि त्याला गाऊ द्या. 'नॅशव्हिल स्कायलाइन'च्या मलपृष्ठावरची कविताही कॅशची, तिला ग्रॅमी मिळालं. गाण्यांना नाही, कव्हरच्या मजकुराला!

तेव्हा १९६९ मध्ये डिलननं नॅशव्हिलमध्ये कंट्री गाणं म्हणजे आराम होता, हे मला तरी पटत नाही. त्याच्या स्वतःच्या चाहत्यांसाठी ते शत्रूच्या घरी जेवायला बसण्यासारखं होतं.

---

अनुष्टुभ

@टेनेसीवाला, हा प्रतिसाद आवडला, आणि रायमनचा मुद्दा बिनतोड. पण आता खुद्द आरोपीचा जबाब वाचा. २००४ च्या 'क्रॉनिकल्स' या आत्मकथनात डिलन लिहितो की वुडस्टॉकमध्ये लोक त्याच्या घरात घुसायचे, छपरावर चढायचे, त्याला पिढीचा प्रवक्ता वगैरे व्हायचं नव्हतं, बायकामुलांना सांभाळायचं होतं. म्हणून त्यानं मुद्दाम अशी कंट्री रेकॉर्ड केली की जी माणसाळलेली, लगाम घातलेली वाटावी, म्हणजे लोक पाठ सोडतील.

हे मी नाही म्हणत. तो म्हणतो. मवाळ झाला नाही, मवाळपणाचं सोंग घेतलं. मग तर अजूनच वाईट! ज्यांनी पैसे देऊन ती रेकॉर्ड घेतली त्यांचं काय?

---

गिरगावकर

'क्रॉनिकल्स' ही पस्तीस वर्षांनंतरची साक्ष, आणि साक्षीदार कोण, तर बॉब डिलन! न्यूयॉर्कला आला तेव्हा हा सांगायचा की मी सर्कशीबरोबर हिंडलोय. त्याच्या स्वतःबद्दलच्या विधानांवर मी उधारीवर चहाही देणार नाही.

टेपा बघा. २०१९ मध्ये 'ट्रॅव्हलिन थ्रू' नावानं कॅशबरोबरची फेब्रुवारी १९६९ ची सेशन्स अधिकृतपणे बाहेर आली. कॅशच्या माणसांत खुद्द जुना रॉकाबिली गायक कार्ल पर्किन्स गिटारवर. दोघं जुनी गाणी आठवून आठवून म्हणतायत, मध्येच शब्द विसरतायत, हसतायत. बरंचसं ओबडधोबड आहे, रेकॉर्ड म्हणून काढण्यासारखं नव्हतंच. पण लोकांना पळवून लावायला कुणी इतक्या आनंदानं हँक विल्यम्सच्या काळातली गाणी म्हणत नाही. त्याच दिवसांत त्यानं कॅशसाठी 'वाँटेड मॅन' लिहिलं, ते कॅशनं २४ फेब्रुवारीला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांसमोर म्हटलं. सोंग घेणारा माणूस इतकं कशाला करेल?

---

स्वानंदी

सगळे पुरुष राजकारण, बास आणि साक्षीपुराव्यात अडकलेत. 'आय थ्र्यू इट ऑल अवे' कुणी ऐकलंय का नीट?

एका माणसाकडे प्रेम होतं, त्यानं ते स्वतःच्या हातानं घालवलं. बस. एवढंच. एकही शब्द शब्दकोशात बघावा लागत नाही. हेच डिलननं १९६५ मध्ये लिहिलं असतं तर चूक तिची असती! 'लाइक अ रोलिंग स्टोन' आठवा, 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट' आठवा. समोरच्या बाईला (किंवा माणसाला) सोलून काढायचं, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. इथे पहिल्यांदा तो म्हणतो, माझ्याकडून झालं. मला हे मवाळ नाही वाटत. उलट त्याच्या सगळ्या हुशार, टोचऱ्या गाण्यांपेक्षा हे लिहायला जास्त जिगर लागली असेल.

म्हणून गिरगावकर, तुमची 'पहिली धाडसी, दुसरी सुट्टीची' ही वाटणी मला मान्य नाही. पहिल्या रेकॉर्डमध्ये तो अजूनही बायबलाच्या आडून बोलतो. दुसरीत आड काहीच नाही.

अवांतर: पीट ड्रेकची पेडल स्टील ऐकताना रेडिओवर लागणारी व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांची हवाईयन गिटार आठवते. कुळ एकच आहे. तार दाबायची नाही, वरून पट्टी सरकवायची, पेडल स्टीलला पायाखाली पेडल्स आणखी. मींडेची सवय असलेल्या आपल्या कानांना हे वाद्य पटकन आपलं वाटतं यात नवल नाही. हाच ड्रेक १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'वर या रेकॉर्डवर वाजवायला लंडनला गेला.

---

अनुष्टुभ

@स्वानंदी, हा एकच प्रतिसाद असा आहे ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते गाणं आत्ता परत लावलंय.

(किंगच्या खुनाबद्दलचं माझं म्हणणं तिथेच आहे, ते हलत नाही.)

---

काकडी कोशिंबीर

चांगला रंगलाय धागा. रच्याकने, शिलाँगमध्ये तिथले गायक लू माजॉ १९७२ पासून दर वर्षी २४ मेला डिलनचा वाढदिवस साजरा करतात, गाणी म्हणून. डिलनच्या गावी होत नसेल इतक्या निष्ठेनं.

मुंबईत आमचं शिक्षण काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात झालं. तिथे मी 'नॅशव्हिल स्कायलाइन'ची कॅसेट घेतली आणि घरी येऊन वाटलं की आत भलत्याच गायकाची टेप भरलीय. बदलून मागायला जाणार होतो. :D

एक प्रश्न. मला यातलं फक्त गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं गायलेलं 'वॉचटॉवर' आवडतं. मूळ गाणं ऐकलं तर ते कच्चं वाटतं. मी अरसिक का?

---

सहा तारा

अरसिक वगैरे काही नाही, खुद्द डिलन तुमच्या बाजूचा आहे. हेंड्रिक्सचं १९६८ चं. मूळ गाण्यात मकॉय-बट्रीनं जी जागा मोकळी सोडली होती, नेमक्या त्याच जागेत हेंड्रिक्सनं वादळ भरलं. जागा नसती तर भरता आलं नसतं, हा माझा मघाचाच मुद्दा.

डिलन १९७४ मध्ये द बँडबरोबर पुन्हा दौऱ्यावर निघाला तेव्हापासून तो हे गाणं मंचावर हेंड्रिक्सच्या ढंगानंच वाजवतो. आजवर दोन हजारांहून जास्त वेळा वाजवलंय, त्याच्या दुसऱ्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त.

---

तिरपागडा

म्हणजे त्याचं सगळ्यात शांत गाणं त्यानं दोन हजार वेळा आरडाओरडा करून वाजवलं. गिरगावकर, आता बोला.

---

गिरगावकर

बोलतो की. दोन हजार वेळा वाजवलं, त्यात १९६५ च्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त वेळा ही अडीच मिनिटांची तीन कडवी निवडली ना? मग झालं.

@स्वानंदी, वाटणीबद्दल विचार करतोय. 'आड काहीच नाही' हे पटतंय, पण त्याच रेकॉर्डवर 'पेगी डे' हे उथळ गाणंही आहे, आणि त्याची वकिली तुम्हीसुद्धा करणार नाही. करणार असाल तर डिलनच्या त्यानंतरच्या 'सेल्फ पोर्ट्रेट' या रेकॉर्डवर पुढचा धागा तुम्ही काढा. १९७० मध्ये समीक्षक ग्रील मार्कसनं 'रोलिंग स्टोन'मधल्या तिच्या परीक्षणाची सुरुवातच सरळ शिवी देऊन केली होती, तेव्हा इथेही मंडळी संयम पाळतील असं काही सांगता येत नाही.

---

स्वानंदी

काढते. आणि 'पेगी डे'चीही वकिली करते, बघाच.